फरदड उपटण्याआधी

देवा पांडुरंगा,

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. नागपूरची डिसेंबरची थंडी खिडकीच्या फटीतून आत येतेय आणि प्रयोगशाळेत मी एकटीच आहे. समोरच्या यंत्रात करंगळीच्या नखाएवढ्या ९६ नळ्या ठेवल्यात. प्रत्येक नळीत एका गुलाबी बोंडअळीचा अंश आहे. यंत्र आता दोन तास तापेल, निवेल, पुन्हा तापेल. तोवर त्याला माझी गरज नाही, म्हणून तुझ्यापाशी आले. आई देवापुढं बसण्याआधी हातपाय धुवायची. मी हातमोजे काढून हात धुतलेत.

आधी तुझे आभार मानते. या यंत्राचं सगळं काम एका विकरावर चालतं. ते सापडलं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या वाफाळत्या झऱ्यांतल्या एका जिवाणूत. ज्या आचेत अंडं घट्ट होतं, त्या आचेतही ते शाबूत राहतं. पंच्याण्णव अंशांवर डीएनएची वेणी उलगडते, जरा निवली की हे विकर एकेक अक्षर जुळवत नवी वेणी विणतं. तीस फेऱ्यांत एका धाग्याचे शंभर कोटींवर धागे होतात. माणूस जिथं पाय टाकू शकत नाही तिथं तू हे ठेवलंस, आणि शोधणाऱ्यांनी ते उपयोगाचं ठरेल की नाही याचा विचार न करता शोधलं. त्यांच्या त्या निर्हेतुक कुतूहलावर माझं आजचं काम उभं आहे.

मग क्षमा मागते. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. मोठे बाबा, बाबांचे थोरले भाऊ, अजून मुंग्यांच्या वारुळाशी साखर टाकतात. आणि मी महिन्याला शेकडो जीव चिरडते, त्यांचं पाणी करते, त्यातून अक्षरं काढते. मोठ्या बाबांनी मला कधी जाब विचारला नाही. एकदाच म्हणाले, "बाई, मारतेस ते मारतेस, पन त्याईच्यापासून काही शिक." विठ्ठला, हा उपदेश तूच त्यांच्या तोंडून केलास असं मी धरून चालते. ज्या दिवशी अळी चिरडताना मी काही शिकणार नसेन, त्या दिवशी माझा हात थांबव.

ही अळी तुला माहीत आहे. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं, तेही आपल्याकडच्या भडोचच्या कापसावरून. पतंग पात्यांवर, फुलांवर अंडी घालतो. फुलात शिरलेली अळी पाकळ्या रेशमानं बांधून टाकते, मग फूल उमलत नाही. शेतकरी त्याला डोमकळी म्हणतो. बोंडात शिरली की तिचं शिरायचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवं, टणक, डोळ्यांत भरेल असं दिसतं. औषध बाहेरच राहतं आणि अळी आत सरकी खात असते. वेचणीला बोंड उकललं की कळतं, कापूस नाही, कवडी आहे. दिसणं आणि असणं यांतली एवढी फारकत मी दुसऱ्या कुठल्या किडीत पाहिली नाही. आमच्या शास्त्रानं कपाशीच्या झाडातच मातीतल्या एका जिवाणूचं जनुक बसवलं, ते याचमुळं. पहिलं बियाणं आपल्या देशात २००२ साली आलं, दोन जनुकांचं २००६ साली. झाड स्वतःच ते प्रथिन तयार करतं, अळी ते खाते, तिच्या आतड्यातल्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं एक कुलूप असतं, त्यात हे प्रथिन किल्लीसारखं बसतं आणि आतड्याला भोकं पडतात. माणसाच्या पोटात ते कुलूपच नाही. या योजनेतलं सौंदर्य मला आजही भुलवतं. पहिल्या वर्षांत बाबांच्या शेतातली फवारणी खरोखर कमी झाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण तू अळीलाही जगायची वाट ठेवली होतीस. २००८ च्या हंगामात गुजरातेतल्या अमरेलीच्या शेतांत पहिलं प्रथिन खाऊनही जगणाऱ्या अळ्या मिळाल्या, काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनालाही त्या सरावल्या. त्यांनी कुलूप बदललं होतं. आपल्या देशातल्या अळ्यांचं ते जनुक वाचलं तेव्हा त्यात आठ निरनिराळे बिघाड दिसले, आणि त्यांतून उतरवलेले १९ तऱ्हांचे मजकूर. जणू एकाच पोथीची पानं प्रत्येकानं वेगळ्या ठिकाणी कापून जोडलेली. म्हणून एका खुणेवर बोट ठेवून ही अळी दाद देईल की नाही हे मला सांगता येत नाही, पुष्कळ लांबचा मजकूर वाचावा लागतो. या ९६ नळ्या त्याच वाचनासाठी आहेत. देवा, हे सगळं तू लपवून केलं नाहीस. प्रत्येक अळीच्या प्रत्येक पेशीत ते उघडं लिहिलेलं होतं. उशीर झाला तो आमच्या वाचण्यात, आणि वाचलेलं सांगण्यात.

आता ज्यासाठी बसले ते बोलते.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक वेगळी पुडी मिळायची. साध्या, नॉन-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेनं लावायची. कारण असं की अळीतला हा बिघाड अप्रभावी असतो, आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला तरच अळी प्रथिन पचवते. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या पोसल्या गेल्या तर त्यांचे पतंग शेतातल्या वाचलेल्या थोड्या पतंगांशी जुगतात, पुढची पिढी पुन्हा प्रथिनाला बळी पडते. म्हणजे थोड्या अळ्यांना सुखानं जगू देणं, हेच अळी आटोक्यात ठेवण्याचं गुपित. मुंग्यांना साखर घालणाऱ्या माणसाला हे किती लवकर पटलं असतं!

ती पुडी आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात पडून होती. त्या वर्षी मी एमएस्सीला होते. प्रभावी-अप्रभावी जनुकांच्या प्रश्नाला, नेमक्या याच कडेच्या पिकाचं उदाहरण देऊन, मी पूर्ण गुण मिळवले होते. दिवाळीला घरी गेले, गोठ्यात गेले, कोनाड्यात धुळीनं माखलेली पुडी पाहिली, हातात घेतली आणि परत ठेवली. बाबांना काही बोलले नाही. पीक तर पेरून झालं होतं, आता सांगून काय उपयोग, असं वाटलं असेल. किंवा घरी सुट्टीला आलेल्या मुलीनं बापाला शेती शिकवू नये असं वाटलं असेल. खरं कारण मला आठवत नाही आणि तेच मला जास्त छळतं. पुढच्या वर्षीही मी बोलले नाही. आमची साडेचार एकर. एवढ्याशा जमिनीतला पट्टा अळीला द्यायचा, तर त्यामागचं कारण कुणीतरी चुलीपाशी बसून समजावून सांगायला हवं होतं. पाकिटावरच्या बारीक अक्षरांचं ते काम नव्हतं. घरात ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती.

याची क्षमा माग म्हणून तू मला कधी सांगितलं नाहीस. मीच मागते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हेच जनुक. तिथल्या शेतकऱ्यांनी कडेची कपाशी वर्षानुवर्षं लावली, आणि २००६ पासून तिथं विमानांतून नपुंसक केलेले पतंग सोडले गेले. २०१८ साली त्यांच्या कपाशीच्या पट्ट्यातून अळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. तिथली शेतं शेकडो एकरांची, हाताशी पैसा, मागं संघटना. त्यांचं उदाहरण आमच्या माणसांच्या डोक्यात मारायला मी आणलेलं नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की अळीवर माणसाचं काही चालत नाही असं मुळीच नाही.

आणि आमच्याकडं २०१७. बोंडअळीनं त्या वर्षी विदर्भाचा कापूस पोखरला आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यातली प्रत्येक फवारणी बोंडअळीवरच होती असं मी म्हणत नाही. पण पाठीवर पंप, पायात चप्पल, तोंडाला साधा रुमाल आणि डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरलेला माणूस मी लहानपणापासून पाहत आलेय. फवारणी कमी व्हावी म्हणून आलेलं बियाणं अळीनं निकामी केलं तेव्हा त्या माणसाच्या पाठीवर पंप परत चढला. पांडुरंगा, त्या गेलेल्यांना तुझ्या पायाशी जागा दे. त्यांच्या घरच्यांना माझ्या लेखांतल्या आकडेवारीनं काही मिळत नाही, हे मला विसरू देऊ नकोस.

उशिराचंच आणखी एक सांगते. २००६ साली आईला चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, सांधे पुढची दोन वर्षं धरून होते. सकाळी पिठाच्या डब्याचं झाकण उघडायला ती शेजारणीला हाक मारायची. आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेत या आजाराच्या नावाचा अर्थ आहे वाकवून टाकणारा. आईला पाहिलं तेव्हा मला तो शब्द कळला. १९७३ साली बार्शीत या तापानं मोठा उच्छाद मांडला होता, आणि नंतर तीसेक वर्षं तो आपल्याकडून जणू निघूनच गेला. परत आला तेव्हा पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या लोकांनी त्याची अक्षरं वाचली आणि कळलं की हा जुना पाहुणा नव्हेच. बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला होता, नवा आफ्रिकी घराण्यातला. आणि यवतला २००० साली डासांतून मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी घराण्यातला निघाला. म्हणजे तो पाच वर्षं आधीच पुणे-सोलापूर रस्त्यावर येऊन बसला होता.

मी कुणाला दोष देत नाही. तेव्हा अक्षरं वाचणं महाग होतं, हळू होतं, आणि कुठला नमुना आधी वाचावा हे सांगणारं कुणी नसतं. पण आईचं पीठ मळून देताना माझ्या मनात यवत यायचं. त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर या विषाणूच्या जवळजवळ बारा हजार अक्षरांतलं एक अक्षर बदललं, तेवढ्यानं तो आधी न मानवणाऱ्या वाघडासाच्या पोटात सहज वाढू लागला, आणि पुढं केरळातही तोच बदल दिसला. बारा हजारांत एक! ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आजीला एक काना चुकलेला लगेच कळायचा. आम्हाला तसे कान दे.

असाच उशीर १८९७ च्या प्लेगातही तू पाहिलास. त्याचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. हाफकिननं १० जानेवारी १८९७ ला मुंबईत प्लेगवरची लस स्वतःला टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्याला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. उंदराच्या पिसवेतून हा रोग पसरतो हे कराचीत दाखवलं गेलं ते १८९८ मध्ये. एक वर्ष उशिरा. युरोपातल्या काळ्या मृत्यूचा जिवाणू तर लंडनच्या दफनभूमीतल्या दातांतून २०११ साली संपूर्ण वाचला गेला, साडेसहाशे वर्षांनी. त्या दातांच्या धन्यांना आता त्याचं काय? तरी तो वाचला म्हणून पुढच्यांना उपयोग आहे, हेही मी मानते. उशिरा आलेलं ज्ञान फुकट जात नाही. फक्त ते ज्यांच्यासाठी हवं होतं ती माणसं तोवर निघून गेलेली असतात.

कार्तिकीला मी आळंदीला गेले होते. इंद्रायणीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि पलीकडं माऊलींचा कळस. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या देखण्या फुलांमुळं माणसानंच जगभर नेली. देशोदेशींच्या नद्यांतून जमवलेली जलपर्णी तपासली तर दहातली सात झाडं एकाच जनुकीय ठशाची निघाली, म्हणजे जवळजवळ एकच झाड स्वतःला तोडत, जोडत अर्ध्या जगावर पसरलंय. आपल्या डोंगरांतल्या घाणेरीची गोष्ट उलटी आहे. बागेची शोभा म्हणून ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणली गेली, त्या साऱ्यांची सरमिसळ तिच्या जनुकांत आहे, आणि तिच्यावर सोडलेले किडे हरले त्यामागं ही सरमिसळही आहे. हे कळणं मोलाचं आहे. पण इंद्रायणीच्या काठावर उभी राहून मला वाटलं, जलपर्णीचं जनुक मी कितीही वाचलं तरी तिचं अन्न आम्हीच नदीत सोडतोय, गावोगावचं आणि कारखान्यांचं सांडपाणी. तिथं माझ्या शास्त्राचं काम थोडं आहे आणि बाकीच्यांचं खूप. जिथं नळीत उत्तर नाही तिथं नळी पुढं करण्याच्या मोहातून मला वाचव. आमच्या धंद्यात तो मोह मोठा आहे, कारण नळीसाठी पैसा मिळतो आणि नाल्यासाठी कुणी देत नाही.

आणि आता आम्ही वाचण्यावर थांबलेलो नाही, लिहायलाही लागलोय. २०१८ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासांत असा बदल बसवला की तो प्रत्येक पिढीत पसरत गेला, माद्या वांझ झाल्या आणि पिंजऱ्यातली सगळी वस्ती सात ते अकरा पिढ्यांत संपली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. एक अख्खी जात आपल्याच हातानं पुसायची, हे बळ मला भिववतं. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या पाड्यावर तापानं फणफणलेलं पोर मी पाहिलंय, त्याच्या आईला मी कुठल्या तोंडानं सांगू की डासाला जगायचा हक्क आहे म्हणून आम्ही थांबलो? माझ्याकडं याचं उत्तर नाही. माझा कल लिहिण्याकडं आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. एवढंच मागणं आहे की लिहिण्याआधी ज्यांच्या अंगणात ते सोडायचं त्यांना विचारण्याइतका धीर आम्हाला दे. कपाशीच्या वेळी आम्ही विचारलं नव्हतं. बियाणं दिलं, पुडी दिली आणि निघून आलो.

यंत्राच्या बारा फेऱ्या उरल्यात.

उद्या सकाळी सहाच्या एसटीनं मी गावी निघते. पिशवीत कामगंध सापळे आहेत आणि अल्कोहोल भरलेल्या कुप्या. बाबा गेल्यापासून शेत मोठे बाबाच पाहतात. विहिरीला पाणी आहे, पऱ्हाटी अजून हिरवी आहे, शेंड्याला पुन्हा पाती लागलीत. मला माहीत आहे ते काय विचारतील. "औंदा फरदड ठेवाची का उपटाची, बाई?"

उपटा, हेच उत्तर आहे. फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभं ठेवलं, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं आणि पुढच्या हंगामात ती पहिल्या फुलापासून हजर असते. पीक मोडलं, पऱ्हाटीची कुट्टी केली, पाच-सहा महिने शेतात कपाशीचं पानही ठेवलं नाही, तर तिच्या पिढ्यांची साखळी तुटते. यात जनुकं नाहीत, यंत्र नाही, एका नांगरटीचा खर्च आहे. पण फरदडीचे दोन-तीन क्विंटल म्हणजे मोठ्या बाबांचं सोसायटीचं व्याज आहे, मोठ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आणि त्यांनी एकट्यानं उपटून शेजारच्यांनी ठेवली तर पतंग बांध ओळखत नाही. म्हणून मला शेजारच्या धुऱ्यांवरही जायचंय, तिथंही तेच सांगायचंय, तिथंही माझ्यावर चिडणारी माणसं आहेत.

विठ्ठला, उद्या मला गोठ्यातल्या त्या दिवसासारखी गप्प राहू देऊ नकोस. उपटा म्हणताना त्या दोन-तीन क्विंटलांची किंमत माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. सांगताना माझा आवाज चढला तर तो खाली आण. चुलीपाशी बसायला मला जागा मिळू दे आणि कुणी उलट प्रश्न विचारला तर मी घड्याळाकडं पाहू नये. पुढच्या जूनमध्ये पेरणीआधी या नळ्यांतून काय निघालं ते, चांगलं असो वा वाईट, जशाच्या तसं त्यांच्या हातात द्यायला मला पुन्हा तिथं पाठव. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की धोक्याची पातळी आली, हे मोठ्या आईला मोजता येतं, ती माझ्यापेक्षा बारकाईनं मोजते. तिचे डोळे तोवर नीट होऊ देत.

यंत्र थांबलंय. नळ्या बर्फात ठेवून मी दिवा मालवते. बसस्टँड इथून लांब आहे. मला साडेचारला जाग येऊ दे.